पिवळं घर नाकासमोर

१

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून रंगारी तीन आठवड्यांनी गावी परतला, आणि एसटीतून उतरून धक्क्यावर येताच पहिल्यांदा त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्या गावाला समुद्राकडे तोंड करून उभी असलेली घरांची एकच ओळ होती, आणि त्या ओळीतल्या प्रत्येक घराचा रंग ठरलेला होता. ही काही कुणाची हौस नव्हती. बाहेरून येणाऱ्या होड्या त्या रंगांवरूनच वाट ओळखत. पाण्यावरच्या लाल बोयाला वळसा घातला की पिवळं घर नाकासमोर धरायचं आणि सरळ धक्क्याला यायचं, म्हणजे 'म्हैस' उजव्या हाताला राहते. म्हैस म्हणजे काळा खडक, ओहोटीला पाठ वर काढणारा आणि भरतीला पाण्याखाली दबा धरून बसणारा. घराचा रंग बदलायचा कुणाच्या मनात आलंच तर गावाची बैठक भरे, मनसोक्त भांडणं होत, आणि रंग होता तोच राही. समुद्राकडच्या भिंती दर वर्षी रंगवायचं काम रंगाऱ्याच्या घराण्याकडे होतं. पिवळं घर रंगाऱ्याचं स्वतःचं होतं.

आणि ते घर पिवळं नव्हतंच. नव्या डोळ्याने पाहिलं तर ते जुन्या उशीच्या अभ्र्यासारखं पांढरट दिसत होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं खरं, की आजारी डोळ्याला पांढरंसुद्धा पिवळट दिसतं. तेव्हा रंगाऱ्याने नुसती मान डोलावली होती. आता त्याच्या लक्षात आलं की गेली दोन वर्षं आपण त्याच डोळ्याने रंग कालवला. पांढऱ्यात नावाला पिवळा टाकला, भिंतीवर फासला, आणि वर शिडीवरून लोकांना विचारलं, "कसं काय, झळकतंय ना?" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं होतं, "झळकतंय म्हणजे काय!"

आता ओरडायचं तरी कुणावर? तो पिशवी उचलून निमूटपणे घराच्या पायऱ्या चढला.

२

रंगाऱ्याची लेक प्रवासी लाँच चालवायची. सकाळी माणसं पलीकडच्या काठाला सोडायची, दिवसभर तिकडेच थांबायची आणि संध्याकाळी उजेड असताना सगळ्यांना घेऊन परतायची. आई गेल्यावर घरात ही दोघंच उरली होती, आणि दोघांमध्ये एक जुना खेळ चालत आलेला होता. लाँच बोयाला वळली की बापाने रंगाच्या डब्यांच्या खोलीच्या खिडकीतून रंग पुसायचं फडकं हलवायचं आणि लेकीने दोनदा भोंगा द्यायचा. ती शाळेतून लाँचने यायची तेव्हापासूनचा हा खेळ. खरं सांगायचं तर अलीकडे रंगाऱ्याला त्याचा कंटाळा यायचा. दोन झटके द्यायचा आणि खुर्चीत जाऊन बसायचा.

त्या संध्याकाळी मात्र तो हौसेने खिडकीत उभा राहिला. लाँच वळली. त्याने फडकं हलवलं.

भोंगा वाजला नाही.

त्याने पुन्हा हलवलं. लाँचचं तोंड नेहमीपेक्षा जरा बाजूला, जाळ्यांच्या गोदामाकडे वळलेलं होतं. नवा डोळा आहे, अंदाज यायला वेळ लागेल, असं त्याने मनाशी म्हटलं आणि हात खाली घेतला. त्यानंतर बऱ्याच वेळाने भोंगा वाजला. एकदा, मग दुसऱ्यांदा. कुणीतरी त्या क्षणी फडकं हलवावं आणि त्याला उत्तर मिळावं, तसा.

"बाबा! आलास होय?" लेक दारातच थांबली. "मग सांगितलं का नाहीस? मी आले असते ना एसटीला."

"अगं, खिडकीतून हात केला की तुला."

"तो तर रोजच करतोस," ती चपला काढत म्हणाली.

रंगारी हसला. "रोज कसा करीन? तीन आठवडे मी तुझ्या आत्याकडे होतो."

लेकीने चहाचं आधण ठेवलं, साखरेचा डबा शोधला, सापडलेला परत ठेवला. मग पाठमोरीच म्हणाली, "कुणीतरी हलवत होतं, बाबा. मला वाटलं, शेजारच्या कुणाला तू सांगून गेला असशील. इतका वेळ हलवायचं की माझा भोंगा वाजेपर्यंत थांबायचंच नाही. तू आधी हलवायचास ना, मी शाळेत असताना, तस्सं."

त्यातलं शेवटचं वाक्य रंगाऱ्याला लागलं. त्यामुळे पहिल्या वाक्याचा विचार करायचा राहूनच गेला.

३

दुसऱ्या दिवशी त्याने जाळीवाल्याला गाठलं. हा त्याचा लंगोटीयार, गोदामाच्या दारात बसून दिवसभर फाटकी जाळी विणायचा. शेजारच्या बर्फाच्या कारखान्याच्या मालकीणबाईही होत्या. त्यांना सगळं गाव काकू म्हणे.

"माझं घर पांढरं पडलंय, आणि दोन वर्षांत एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

जाळीवाल्याने मान वर केली नाही. "कसं सांगणार? तुझ्या नाकाच्या शेंड्यावर राग. म्हटलं, एवढं प्रेमाने रंगवतोय, कशाला दुखवा?"

"आणि होड्या काय माझ्या प्रेमावर येत होत्या?"

"पहिल्या वर्षी झाली थोडी पंचाईत," काकू म्हणाल्या. "लोक चाचपडत यायचे. मग नाही झाली. म्हणायचे, पिवळं छान दिसतंय हो बाहेरून."

"पण पिवळं नाहीये ना!"

"आता ते समुद्रावरचं ऊन, भाऊ. लांबून दिसत असेल."

रंगाऱ्याला हे पटण्यासारखं होतं. पटलंही असतं. पण जाळीवाल्याचे हात थांबले होते.

"माझा भाऊ आठ दिवस झाले आला नाही," तो म्हणाला.

"कुठे गेलाय?"

"कुठे जायचा? येत होता. आम्ही धक्क्यावर उभे. बोयाला वळसा घातला, हात केला त्याने. येतोय, येतोय, आणि मग मी विडी पेटवायला खाली बघितलं. वर बघतो तर होडी नाही."

"इंजिन बिघडलं असेल म्हणून पलीकडे परत गेला असेल," काकू घाईघाईने म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी बरेचदा म्हटलेलं असावं. "म्हशीवर आपटला असता तर फळकुट तरी वाहून आलं असतं की नाही?"

जाळीवाल्याने परत गाठ मारायला घेतली. तीच गाठ तो पुन्हा पुन्हा सोडवत होता.

४

रंगाऱ्याच्या घराण्यात एक रीत होती. भिंती रंगवून झाल्या की होडीतून बाहेर जायचं आणि समुद्रावरून सगळी ओळ डोळ्यांखालून घालायची. डोळा अधू झाल्यापासून रंगाऱ्याने ती टाळली होती. तिसऱ्या दिवशी तो लेकीबरोबर लाँचवर चढला, दिवस पलीकडच्या काठावर काढला आणि संध्याकाळी परतताना तिच्या शेजारी उभा राहिला. ऊन अजून चांगलं होतं. मागे दहा-बारा माणसं बसली होती, त्यांत दवाखान्यातली नर्सबाई होती आणि तिच्या मोठमोठ्याने गप्पा चालल्या होत्या.

बोयाला वळसा घातला आणि गाव समोर आलं.

निळा कारखाना. त्याच्यावर, चढावर, एक पांढरट घर. ते आपलं, रंगारी मनाशी म्हणाला. त्याच्या उजवीकडे जाळ्यांचं लाल गोदाम. आणि घर नि गोदाम यांच्या मध्ये आणखी एक घर होतं.

त्या जागी घर नव्हतं. तिथे दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी बोळ होती. नळावर जायला लोक तिचा वापर करत. पण समुद्रावरून तिथे ऐसपैस घर दिसत होतं, दोन खिडक्यांचं, डाव्या कोपऱ्यातलं कौल फुटलेलं. त्याच्या घराचंही तेच कौल फुटलेलं होतं. आणि ते पिवळं होतं. असा पिवळा रंग त्याचा बाप लावायचा. भिंत अजून ओली असावी, तशी चमकत होती.

लेकीने लाँचचं नाक त्या घरावर धरलं.

"अगं, इकडे कुठे? म्हैस आहे पुढे!"

"म्हैस उजवीकडे असते, बाबा. पिवळ्यावर तर चाललेय."

ओहोटी होती. खडकाची पाठ दिसायला हवी होती. जिथे ती हवी, तिथूनच लाँच चालली होती, आणि पाणी नुसतं सपाट होतं. मागच्या गप्पा बंद झाल्या. कुणी गप्प बसा म्हटलं नव्हतं, तरी नर्सबाई अर्ध्या वाक्यात थांबली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. वारा पडला. इंजिनाचा आवाज समुद्रावर पसरायचा सोडून बंद खोलीत घुमावा तसा चारी बाजूंनी परत येऊ लागला. रंगाऱ्याला टर्पेंटाइनचा वास आला.

"हल्ली इथे फार वेळ लागतो," लेक हळू आवाजात म्हणाली. "आधी पाच मिनिटांत धक्का यायचा. काल पंधरा लागली. इंजिन तपासून घेतलं, काही नाही त्याला."

तेवढ्यात पिवळ्या घराच्या खिडकीत काहीतरी हललं. लेकीचा चेहरा खुलला. तिने दोनदा भोंगा दिला. मग तिचं शेजारी उभ्या असलेल्या बापाकडे लक्ष गेलं आणि तिचा हात भोंग्यावर तसाच राहिला.

"मग ते पांढरं कुणाचं?" रंगाऱ्याने विचारलं.

तिने पांढऱ्या घराकडे पाहिलं. रोज ज्या घरातून ती निघायची ते घर. "नको, बाबा," ती म्हणाली. "चालवताना असलं काही विचारू नकोस."

धक्का आला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही. माणसं भराभर उतरून घरी गेली.

रंगारी तडक बोळीत शिरला. तिथे नळ ठिबकत होता, जाळी वाळत होती. एका भिंतीपासून दुसरीपर्यंत त्याने हात पसरून पाहिले. पुरले. मग खाली वाकून पाहिलं तर फरशीवर पिवळे थेंब होते. शिडीवर उभ्या माणसाच्या ब्रशमधून पडतात तसे, एका ओळीत. त्याने एकावर बोट टेकवलं. ओला होता.

५

एका गावात दोन पिवळी घरं नसतात, असा रंगाऱ्याचा हिशेब होता. गावाला पिवळं लागत होतं, आपण दिलं नाही, म्हणून कुणीतरी दिलं. आपण आपलं घर नीट रंगवलं की ते जाईल. हा विचार शहाण्या माणसाचा होता की घाबरलेल्याचा, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

एक दिवस लेकीने इंजिन बिघडल्याचं निमित्त सांगून लाँच बांधून ठेवली. बापाने शिडी लावली, भिंत पॉलिश पेपरने घासली, आणि डब्यांच्या खोलीतून वडिलांच्या वेळचं एक झाकण शोधून काढलं. त्यावर मूळ रंगाचा वाळलेला ठिपका होता. त्या ठिपक्याशी जुळेपर्यंत त्याने रंग कालवला, दहादा उन्हात नेऊन पाहिला. संध्याकाळपर्यंत पहिला हात झाला. लेक खालून ब्रश धुऊन देत होती. कित्येक वर्षांत दोघं इतका वेळ बरोबर नव्हती. "आता खरंच झळकतंय, बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्या नाकावरचा रंग पदराने पुसला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी लाँच नेणं भाग होतं. नर्सबाई रात्रीच जीपने लांबच्या रस्त्याने पलीकडे गेली होती आणि संध्याकाळी औषधं घेऊन लाँचनेच यायची होती. रंगाऱ्याने हरतऱ्हेने विनवून पाहिलं. लेक बधली नाही.

"तूच म्हणालास ना, दुसरा हात मारलास की ते जाईल?"

"आणि नाही गेलं तर? दोन पिवळी दिसली तर?"

मग रंगाऱ्यालाच सुचलं. "ऐक. आज मी हात हलवणार नाही. काही झालं तरी नाही. ज्या घरातून फडकं हलताना दिसेल, ते आपलं नव्हे. जिथे काही हलत नसेल, तिथे ये."

"म्हणजे तू मला हात करणार नाहीस." ती हसली, पण तिला ते आवडलं नव्हतं हे दिसत होतं.

"एक दिवस. उद्यापासून तू म्हणशील तेवढा वेळ करीन."

तिने त्याच्या अंगठ्याला अंगठा लावला. लहानपणी लावायची तसा.

६

दुपारी दुसरा हात झाला. उरलेल्या वेळात रंगाऱ्याने घर आवरलं. डब्यांच्या खोलीची खिडकी लावून कडी घातली, फडकं रॉकेलच्या डब्यात बुडवून टाकलं, मधलं दार ओढून घेतलं. सवयीने हात वर जाऊ नये म्हणून तो बाहेरच्या खोलीच्या खिडकीत खुर्ची टाकून बसला. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. आपण किती हास्यास्पद दिसत असू, असं त्याच्या मनात आलं. हसू मात्र आलं नाही.

पाच वाजून गेल्यावर लाँच दिसली. तिने बोयाला वळसा घातला, जरा अडखळली. दोन्ही घरं दिसत असणार. ती बघत असणार. मग नाक वळलं आणि सरळ त्याच्या खिडकीवर आलं.

"शाब्बास, पोरी," तो पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जुन्या नि नव्या, दोन्हींत.

आणि त्याला आवाज आला. फट. फट. फट.

कापड झटकल्यासारखा. आवाज बाहेरून येत नव्हता. मधल्या दारापलीकडून, डब्यांच्या खोलीतून येत होता.

लाँचचं नाक हललं. थोडं, मग आणखी थोडं, बोळीच्या दिशेला. रंगाऱ्याला सगळं एकदम समजलं. तिला या घरातून फडकं हलताना दिसतंय. आणि त्या दुसऱ्या घरात आज कुणीच हलवत नसणार. आपलं बोलणं, अंगठ्याला अंगठा लावून ठरवलेलं, कुणीतरी ऐकलं होतं. ओरडून उपयोग नव्हता, इतक्या लांबून ऐकू गेलं नसतं. हात करावा तर तोही मना केलेला. पोरगी बापाचा शब्द पाळत होती आणि शब्द पाळतच जाळीवाल्याच्या भावाच्या वाटेने निघाली होती.

तो धावला. मधलं दार ढकललं.

खिडकी सताड उघडी होती. खिडकीत कुणीतरी पाठमोरं उभं होतं. रंगाऱ्याच्या अंगात जो सदरा होता तोच त्याच्या अंगात होता, डाव्या खांद्यावर आज सकाळीच पडलेल्या डागासकट. हात वर होता आणि फडकं जोराने, हौसेने, न थकता हलत होतं. चेहरा रंगाऱ्याने पाहिला नाही. पाहायचाच नाही, एवढं भान त्याला राहिलं. त्याने मागून जाऊन ते मनगट धरलं.

मनगट ओलं आणि चिकट होतं, आणि त्यात ताकद होती, आयुष्यभर ब्रश धरलेल्या हाताची. त्याने ते दोन्ही हातांनी आवळलं, भिंतीला पाय लावून खाली ओढलं. आपण बाप आहोत एवढंच तो मनात म्हणत राहिला. हात थांबला. त्या खांद्यावरून त्याला समुद्र दिसला. लाँच घुटमळत होती. मग तिचं नाक सावकाश परत फिरलं, सरळ झालं, आणि म्हशीची काळी पाठ तिच्या उजव्या अंगाने मागे पडली.

भोंगा वाजला नाही. पण लाँच आली. पाच मिनिटांत धक्क्याला लागली.

त्याच्या मुठीत काही उरलं नव्हतं. खिडकी उघडी, खोली रिकामी, आणि त्याचे तळवे पिवळे. त्याने मधलं दार लावलं, त्याला पाठ टेकली आणि लहान मुलासारखा रडला. मग पायऱ्यांवर तिची पावलं वाजली तसा डोळे पुसत उठला. पुसताना रंग तोंडभर लागला.

लेक दारात येऊन थांबली. उंबरा ओलांडला नाही.

"आलीस! ये, आत ये आधी."

"बाबा कुठे आहे?" तिने विचारलं.

"अगं, समोर तर उभा आहे."

ती त्याच्या तोंडाकडे, हातांकडे बघत राहिली. "बाबा हात हलवत होता," ती म्हणाली. "ठरलं होतं हलवायचं नाही, तरी हलवत होता. त्याला राहवलंच नसणार. मी आधी ठरल्याप्रमाणे वळवायला लागले, हे घर आपलं नव्हे असं समजून. मग मागून कुणीतरी आलं. त्याचा हात धरला, खाली ओढला. मी बघितलं. म्हणून मी परत फिरले. त्याला सोडवायला."

"पोरी, हात धरणारा मी होतो. मी तुझा..."

तिचं लक्ष नव्हतं. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे, मधल्या दाराकडे गेली होती. त्या बंद दारामागे, डब्यांच्या खोलीत, कापड झटकलं गेलं. एकदा. मग दुसऱ्यांदा.

तिचा चेहरा खुलला, शाळेतून येताना खुलायचा तसा.

"आले, बाबा, आले," ती दाराकडे बघत म्हणाली, आणि मग त्याला, अनोळखी माणसाशी बोलावं तशा स्वरात, "जरा बाजूला व्हा."